पुढच्या बेल्टची तयारी मागच्या बेल्टपासून

कराटेच्या ब्राऊन बेल्टच्या दुसऱ्या ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला बसलो, त्याआधी दोन महिने मी फक्त बास्साई दाई हा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, घोटला होता. परीक्षेत तो बराही झाला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि मान वर न करता म्हणाले, "हेइआन निदान." हा काता मी दोनेक वर्षांपूर्वी शिकलो होतो. त्या वेळची परीक्षा झाली आणि तो मागे पडला तो पडलाच. सुरुवात झोकात केली. नुकितेपर्यंत (बोटांच्या टोकांनी मारायचा वार), म्हणजे पहिल्या किआईपर्यंत (जोर लावून ओरडायची जागा) पोचलो आणि तिथून कुणीकडे वळायचं तेच आठवेना. तसाच उभा राहिलो. निकाल काय लागला ते सांगायला नको.

पुढे काही वर्षांनी ग्रेडिंगच्या टेबलावर गुण लिहायला बसू लागलो, तेव्हा कळलं की आपण एकटेच नव्हतो. नवा काता ताजा असतो, त्यात फारसं कुणी अडकत नाही. घोडं अडतं ते जुन्या सामानावर: ढिला हिकिते (मागे खेचायचा हात), उचललेली टाच, विसरलेला काता. म्हणून हा लेख पुढच्या बेल्टच्या तयारीचा असला, तरी त्यातला मोठा भाग मागच्या बेल्टच्या डागडुजीचा आहे. उदाहरणं मुख्यतः शोतोकानची येतील, कारण माझी शैली ती. गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू किंवा क्योकुशिन करणाऱ्यांनी कात्यांची नावं बदलून वाचावं.

आधी शिडी समजून घ्या

ब्लॅक बेल्टच्या खालच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात, वरच्या पायऱ्यांना दान. क्यू उलटे मोजतात: नववा किंवा दहावा क्यू सर्वांत खाली, पहिला क्यू ब्लॅक बेल्टच्या दारात. दान सरळ चढत जातात, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. ही पद्धत मुळात कराटेची नव्हेच. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि १९२४ मध्ये त्यांनी हीच पद्धत उचलून कराटेतले पहिले दान दिले. वादो-र्यू स्थापन करणारे हिरोनोरी ओत्सुका त्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. रंगीत बेल्ट त्याहून नंतरचे. त्यांच्या प्रसाराचं श्रेय १९३० च्या दशकात पॅरिसला ज्युदो शिकवणाऱ्या मिकोनोसुके कावाईशी यांना दिलं जातं. व्हाइट बेल्ट न धुता वापरत गेला की मळून मळून ब्लॅक होतो, ही गोष्ट प्रत्येक क्लासमध्ये सांगितली जाते. गोष्ट म्हणून छान आहे, इतिहास म्हणून नाही.

रंगांचा क्रम शैलीप्रमाणे आणि संघटनेप्रमाणे बदलतो. क्योकुशिनमध्ये व्हाइटनंतर ऑरेंज, ब्लू, येलो, ग्रीन, ब्राऊन असा क्रम आणि प्रत्येक रंगात दोन क्यू. शोतोकानच्या बऱ्याच संघटनांत ग्रीननंतर पर्पल येतो आणि ब्राऊनमध्ये तिसरा, दुसरा, पहिला असे तीन क्यू असतात. त्यामुळे दुसऱ्या क्लासच्या मित्राचा ब्लू आणि तुमचा ब्लू यांची तुलना करू नका, क्यू विचारा. स्पर्धेत खेळाडू जो लाल किंवा निळा बेल्ट बांधतात, त्याचा तर दर्जाशी काहीच संबंध नसतो. कोण कुठल्या बाजूचा हे पंचांना कळावं एवढ्यासाठी तो असतो.

पहिलं काम: सिलॅबस कागदावर

सेन्सेईंकडून, म्हणजे शिक्षकांकडून, आपल्या पुढच्या क्यूचा सिलॅबस मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढा. त्याचे चार भाग पडतात: किहोन (मूलभूत तंत्रं), काता, कुमिते (जोडीदाराशी लढत) आणि तोंडी भाग, म्हणजे जपानी शब्द आणि रीतभात. मग तीन प्रश्न विचारा. दोन ग्रेडिंगमध्ये किमान किती महिने आणि किती हजेरी लागते? नव्या कात्याशिवाय मागचे कुठले काते विचारले जाऊ शकतात? परीक्षक कोण असतील, आपलेच सेन्सेई की बाहेरचे? तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण आपल्या सेन्सेईंना आपल्या चुकांची सवय झालेली असते, बाहेरच्या परीक्षकाला नसते.

वेळेचा अंदाज हवा असेल तर, आठवड्याला दोन-तीन दिवस नियमित येणाऱ्याला सुरुवातीचे बेल्ट साधारण तीन-चार महिन्यांच्या अंतराने मिळतात, ब्राऊनमध्ये हे अंतर सहा महिने किंवा जास्त होतं. ब्लॅक बेल्टपर्यंत चार-पाच वर्षं धरून चाला. वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी देणारा कुणी भेटला, तर तो कराटे शिकवत नाही, बेल्ट विकतो आहे.

किहोन: इथेच गुण जातात

टेबलावर बसल्यावर पहिली नजर पायांकडे जाते. हात कितीही जोरात फिरला तरी खालचा स्टान्स कच्चा असेल तर ते लगेच दिसतं.

झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढे वजन असलेला स्टान्स, घ्या. लांबी साधारण दोन खांद्यांएवढी, रुंदी एका खांद्याएवढी. पुढचा गुडघा पायाच्या बोटांवर, मागचा पाय ताणलेला, वजन पुढे साठ आणि मागे चाळीस टक्क्यांच्या आसपास. ओळखीच्या चुका तीन. मागची टाच उचलली जाते. पुढचा गुडघा आत झुकतो, आणि हे नुसतं दिसायला वाईट नाही, त्यावर वर्षानुवर्षं सराव केला तर गुडघा दुखू लागतो. तिसरी चूक रुंदीची: पाऊल टाकताना दोन्ही पाय एकाच रेषेत येतात, दोरीवर चालल्यासारखे, आणि ग्याकु झुकी (मागच्या हाताचा पंच) मारताना तोल जातो. ही तिसरी चूक स्वतःला जाणवत नाही. जमिनीवर खांद्याएवढ्या अंतराने दोन समांतर रेघा आखा आणि प्रत्येक पाऊल आपापल्या रेघेवर पडतं का ते पाहा. दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं.

कोकुत्सु दाचीत हिशेब उलटा: सत्तर टक्के वजन मागे. ग्रीनच्या पुढचे लोकसुद्धा शुतो उके (हाताच्या कडेने ब्लॉक) करताना नकळत मधोमध उभे राहतात. तपासायची सोपी युक्ती आहे: स्टान्समध्ये असताना पुढचं पाऊल अलगद उचला. शरीर न हलवता उचलता आलं तर वजन बरोबर आहे. पुढे झोक गेला तर नाही.

पुढे सरकताना डोकं वर-खाली होणं ही व्हाइट आणि येलो बेल्टची खूण. पाऊल आत घेताना गुडघे सरळ झाले की डोकं वर जातं. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढा आणि मागच्या भिंतीवरच्या एखाद्या आडव्या रेघेशी डोक्याची उंची ताडून पाहा. आरशापेक्षा व्हिडिओ बरा, कारण आरशात बघायला मान वळवली की तेवढ्यापुरता स्टान्स आपोआप सुधारतो. आपणच आपल्याला फसवतो.

हिकिते, म्हणजे मागे येणारा हात. पुढचा पंच जितक्या वेगाने जातो तितक्याच वेगाने दुसरी मूठ कमरेवर आली पाहिजे, कोपर अंगाला घासून. दमल्यावर सगळ्यात आधी हेच सुटतं. म्हणून सरावाची शेवटची पाच मिनिटं, दम लागलेला असताना, फक्त हिकितेकडे लक्ष देऊन ओई झुकी (पाऊल पुढे टाकत मारायचा पंच) मारा.

किकमध्ये माए गेरीचे (समोरची किक) चार तुकडे करा: गुडघा वर, पाय बाहेर, पाय परत गुडघ्याजवळ, मग जमिनीवर. बहुतेक जणांचा तिसरा तुकडा गळतो आणि पाय मारलेल्या जागीच धपकन पडतो. भिंतीला एक हात टेकून चारही तुकडे मोजत, प्रत्येक पायाने दहा. योको गेरी (बाजूची किक) आणि उशिरो गेरीलाही (मागची किक) हाच नियम लागू. मवाशी गेरीत (गोल फिरवून मारायची किक) एवढंच पाहा की टेकलेल्या पायाची टाच वळते आहे ना, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो.

ग्रीनच्या पुढे कॉम्बिनेशन सुरू होतात: ब्लॉक, मग किक, मग ग्याकु झुकी. ही पाठ करून फायदा नाही, कारण परीक्षक ऐन वेळी क्रम बदलू शकतात. त्यापेक्षा कोणाला तरी कुठलंही कॉम्बिनेशन एकदाच सांगायला लावा आणि लगेच करून दाखवा.

काता: नवा एक, जुना एक

शोतोकानमधले पाच हेइआन काते मूळचे पिनान. आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी ते बांधले आणि फुनाकोशींनी पुढे नाव बदललं. बदलताना पहिल्या दोघांची अदलाबदल झाली, म्हणून आपला हेइआन शोदान हा इतर शैलींत पिनान निदान असतो. दुसऱ्या शैलीच्या मित्राबरोबर सराव करताना हमखास गोंधळ उडतो तो इथे.

नवा काता शिकताना सगळं एकदम करायला जाऊ नका. आधी फक्त पाय: हात कमरेवर ठेवून एम्बुसेन, म्हणजे कात्याचा मार्ग चालून काढा. वळणं पक्की झाली की हात जोडा. मग स्टान्सची खोली, मग लय: कुठे झटका, कुठे थांबा, किआई कुठे. सगळ्यात शेवटी वेग. हेइआन शोदानमध्ये २१ हालचाली आहेत, बास्साई दाईमध्ये ४२, कांकू दाईमध्ये ६५. आकडे पाहून घाबरायचं कारण नाही, कारण मोठ्या कात्यातले अनेक तुकडे हेइआनमध्ये आधीच येऊन गेलेले असतात. कांकू दाई शिकणाऱ्याला हेइआन येत असतील तर अर्धं काम झालेलं असतं, आणि येत नसतील तर दुप्पट होतं.

सुरुवातीच्या जागी खडूने फुली मारा. हेइआन काते जिथे सुरू होतात तिथेच संपतात. शेवटी फुलीपासून एक-दीड पाऊल दूर असाल तर कुठल्यातरी बाजूची पावलं आखूड पडताहेत. शोधून काढा.

काता पाठ झाला हे कधी म्हणायचं? माझ्या मते तीन कसोट्या. पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून तो सुरू करता आला पाहिजे, कारण आपण नकळत खिडकी, दरवाजा, पंखा यांच्या खुणा धरून वळत असतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये त्या नसतात. कुणी "अकरावी हालचाल" म्हटलं की तिथून पुढे करता आलं पाहिजे. आणि प्रत्येक ब्लॉक कोणत्या हल्ल्यावर आहे, म्हणजे त्याचा बुंकाई, हे निदान साधेपणाने सांगता आलं पाहिजे. तिसरी कसोटी खालच्या बेल्टला कुणी विचारत नाही. पण ज्याला ती येते त्याची नजर कात्यात आपोआप बरोबर ठिकाणी जाते आणि ते लांबून दिसतं.

आता जुन्या कात्यांचं. रोज नवा काता तीन वेळा आणि जुन्यांपैकी एक दोन वेळा, एवढंच वेळापत्रक. पाच हेइआन असतील तर पाच दिवसांत फेरा पूर्ण होतो. ही दहा मिनिटं मी ब्राऊनच्या वेळी दिली असती तर वरचा किस्सा लिहायला उरला नसता. "हितो काता सान नेन", एका कात्याला तीन वर्षं, असं कराटेत म्हणतात. आपण निदान आठवड्यातून एकदा तरी त्याची विचारपूस करावी.

कुमिते

क्रम ठरलेला आहे. आधी पाच पावलांचं गोहोन कुमिते किंवा तीन पावलांचं सानबोन, मग एका हल्ल्याचं किहोन इप्पोन, ब्राऊनच्या आसपास जियू इप्पोन, जिथे हल्ला सांगून होतो पण दोघंही हलते असतात, आणि शेवटी जियू कुमिते, म्हणजे मोकळी लढत. क्योकुशिनमध्ये पूर्ण संपर्काचं कुमिते असतं, हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी असते आणि वरच्या बेल्टच्या परीक्षेत एकामागून एक अनेक जोडीदारांशी लढावं लागतं, तेव्हा तिथे दमसास हाच अर्धा सिलॅबस.

खालच्या बेल्टच्या कुमितेत ब्लॉक करणाऱ्यापेक्षा हल्ला करणाऱ्याचे गुण जास्त जातात, हे फार जणांना माहीत नसतं. मित्राला लागू नये म्हणून पंच त्याच्या कानाशेजारून मारला जातो. तो ब्लॉक न करताही वाचला असता, मग परीक्षकाने काय तपासायचं? पंच नेम धरून मधोमध मारा आणि अंगाला लागायच्या आत थांबवा. थांबवणं हेच कसब. त्यासाठी अंतर कळावं लागतं आणि ते वेगवेगळ्या उंचीच्या जोडीदारांबरोबर सराव केल्याशिवाय कळत नाही. नेहमीच्या मित्राला चिकटून राहू नका.

आणि झानशिन, म्हणजे वार झाल्यावरही टिकवलेली सावधता. काउंटर मारून झाला की लोक हसतात, कपडे सारखे करतात, जोडीदाराकडे पाठ फिरवतात. समोरच्यावर नजर ठेवून, सावधपणे मागे सरका. "यामे" (थांबा) ऐकू येईपर्यंत काम संपलेलं नसतं.

शेवटचे सहा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त दोष शोधायला: व्हिडिओ काढा, सेन्सेईंना विचारा, मागच्या ग्रेडिंगचे शेरे काढून वाचा. सापडलेल्या दोषांतले दोनच निवडा. दहा दोष एकदम सुधारायला गेलं की एकही सुधारत नाही. पुढचे तीन आठवडे त्या दोन दोषांवर काम आणि आठवड्यातून एकदा पूर्ण परीक्षेची रंगीत तालीम: गी (कराटेचा पोशाख) घालून, नाव पुकारण्यापासून शेवटच्या रेईपर्यंत (वाकून नमस्कार), मध्ये पाणी न पिता. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही नाही. दोन दिवस आधी जोर कमी करा, आदल्या दिवशी काते फक्त चालून काढा.

तोंडी भाग लोक सोडून देतात आणि "मावात्ते" ऐकल्यावर शेजारचा कुठे वळतो ते बघत वळतात. निदान योई, हाजिमे, यामे, मावात्ते, नाओरे, यासुमे हे शब्द, सगळ्या स्टान्सची आणि तंत्रांची नावं, आणि इची ते ज्यू (एक ते दहा) आकडे झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत.

परीक्षेच्या दिवशी गी धुतलेला आणि इस्त्रीचा. नखं कापलेली. अंगठी, साखळी, घड्याळ काढून ठेवलेलं. पोटाला जड काही नको. अर्धा तास आधी पोचून हॉलच्या फरशीवर चालून पाहा, ती घसरडी निघाली तर स्टान्स किंचित आखूड घ्यावा लागतो. नाव पुकारलं की मोठ्याने ओ द्या. आवाज बारीक निघाला की पुढचा किआईही बारीक निघतो, का कोण जाणे. चूक झाली तर चेहरा वाकडा करू नका, डोक्याला हात लावू नका, पुढची हालचाल करा. छोटी चूक परीक्षकाच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. ती आपल्या चेहऱ्यावरून कळते.

निकालानंतर

पास झालात तरी शेरे मागून घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. पुढच्या ग्रेडिंगचा पहिला धडा तोच. नापास झालात तर कारण नेमकं विचारा. "अजून सराव हवा" हे उत्तर नाही. "कोकुत्सु दाचीत वजन पुढे" हे उत्तर आहे. काही ठिकाणी सशर्त पास करतात आणि तोच क्यू पक्का करायला पुन्हा बोलावतात. त्यात कमीपणा मानू नये.

सगळ्यात जास्त गळती ग्रीन ते पर्पलच्या टप्प्यात होते. नवेपणा संपलेला असतो, ब्लॅक बेल्ट लांब असतो, आणि तंत्रात सुधारणा होतच असते पण ती स्वतःला दिसत नाही. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे खालच्या बेल्टला शिकवणं. व्हाइट बेल्टच्या मुलाला गेदान बराई (खालचा ब्लॉक) समजावताना आपला स्वतःचा हात चुकतो आहे हे तिथल्या तिथे कळतं. ब्राऊन बेल्टकडून तर हे काम अपेक्षितच असतं आणि सेन्सेई ते बघत असतात, परीक्षेच्या दिवशीच नव्हे.

शैली किंवा संघटना बदललीत तर आपला जुना बेल्ट पिशवीतच राहू द्या. पहिल्या दिवशी व्हाइट बांधून जा, कुठला बेल्ट बांधायचा ते नवे सेन्सेई सांगतील.

ब्लॅक बेल्टच्या आधी

शोदान म्हणजे पहिला दान. या शब्दातला "शो" म्हणजे आरंभ. अनेक संघटनांत आधी शोदान-हो, म्हणजे तात्पुरता शोदान मिळतो, आणि लहान मुलांना ज्युनिअर ब्लॅक बेल्ट, जो ठरावीक वयानंतर पुन्हा परीक्षा देऊन पक्का करावा लागतो. बसण्याआधी चौकशी करा की दानाचं प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं असेल आणि ते क्लासबाहेर कुठे मानलं जातं. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि नंतर पस्तावतात.

परीक्षेत नवं फार थोडं असतं. एक काता तुमच्या आवडीचा, बहुधा बास्साई दाई, कांकू दाई, एंपी, जिओन, हांगेत्सु यांच्यातला. दुसरा परीक्षक सांगतील तो, आणि तो पाच हेइआन किंवा तेक्की शोदान यांतला कुठलाही असू शकतो. किहोनमध्ये पहिल्या दिवशीचीच ओई झुकी. पुढे निदानसाठी (दुसरा दान) सहसा दोन वर्षं आणि सानदानसाठी (तिसरा दान) आणखी तीन वर्षं थांबावं लागतं.

नवा ब्लॅक बेल्ट कडक असतो, पहिले काही आठवडे गाठ सारखी सुटते. मध्य बेंबीवर धरून दोन्ही टोकं पाठीमागून फिरवून पुढे आणा, वरचं टोक दोन्ही पदरांच्या खालून वर काढा, मग दुसऱ्या टोकावर उलटा वेढा देऊन घट्ट ओढा. दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. क्लास चालू असताना सुटलाच, तर शोमेनकडे (हॉलची समोरची बाजू) पाठ करा, बांधा आणि रांगेत परत या.